एका मुलीसाठी थांबणारी गाडी: शिराताकीच्या स्थानकांबद्दल वाचकांचे प्रश्न

होक्काइदो हे जपानचं सगळ्यात उत्तरेकडचं मोठं बेट. तिथल्या एका चिमुकल्या स्थानकाची गोष्ट मराठी व्हॉट्सॲप गटांत वर्षानुवर्षं फिरते आहे. तिच्याबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. त्या मार्गाचा इतिहास आणि तिथलं काम कसं चालतं हेही काही वाचकांनी विचारलं आहे. त्या प्रश्नांना जागा थोडी जास्त दिली आहे, कारण खरी गंमत तिथे आहे.

प्रश्न: एका शाळकरी मुलीसाठी जपान सरकारने ‘कामी-शिराताकी’ हे स्थानक चालू ठेवलं, तिच्या शाळेच्या वेळेला दिवसातून दोनच गाड्या सोडल्या आणि ती पास झाल्यावर स्थानक बंद केलं, असा निरोप दरवर्षी येतो. मुलांना सांगावा इतका तो खरा आहे का? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर: गाभा खरा आहे, पण स्थानक चुकलं आहे आणि कारण उलटं लावलं आहे.

२०१६ च्या जानेवारीत सीसीटीव्ही या चिनी वृत्तवाहिनीच्या फेसबुक पानावर ही गोष्ट आली आणि तिथून जगभर पसरली. निरोपात सकाळी ७.०४ आणि संध्याकाळी ५.०८ अशा दोन गाड्या असतात. या वेळा कामी-शिराताकीच्याच. ती मुलगी मात्र तिथून साधारण दहा किलोमीटर पुढच्या क्यू-शिराताकी या थांब्यावर गाडी पकडायची. तिथे एंगारू या जवळच्या मोठ्या गावाकडे जाणारी एकच गाडी थांबायची, सकाळी ७.१५ ला. परतीला तीन गाड्या थांबत: दुपारी १२.५३, संध्याकाळी ४.५३ आणि रात्री ७.२५. म्हणजे शाळा लवकर सुटली तर दुपारची, नेहमीच्या दिवशी चारनंतरची आणि काही कामाने थांबावं लागलं तर रात्रीची. शेवटच्या वर्षात या थांब्यावरून नेमाने चढणारी ती एकटीच होती, हेही खरं. गाडीत मात्र ती एकटी नव्हती. इतर स्थानकांवरून चढलेली मुलंही त्याच गाडीने एंगारूच्या हायस्कूलला जात.

आता कारण. ‘स्थानक चालू ठेवणं’ या एका शब्दात आपण दोन वेगळी कामं कोंबतो. एक काम गाडी चालवण्याचं आणि दुसरं ती वाटेत थांबवण्याचं. सकाळची ती गाडी डोंगरापलीकडच्या कामिकावाकडून येऊन एंगारूला जायची. क्यू-शिराताकीला कुणी नसतं तरी ती धावलीच असती. त्या थांब्यासाठी वेगळा असा खर्च होता तो गाडी एखादं मिनिट उभी राहण्याचा, फलाटावरचं बर्फ काढण्याचा, दिव्याचा आणि लाकडी निवाऱ्याच्या डागडुजीचा. हा खर्च लहान, पण दर हिवाळ्याला येणारा.

स्थानक बंद झालं २६ मार्च २०१६ ला. आदल्या दिवशी, २५ मार्चला, शेवटच्या गाड्या थांबल्या. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि रेल्वेचं नवं वेळापत्रकही बहुधा मार्चमध्येच लागू होतं. त्यामुळे लहान स्थानकाचा शेवटचा नेमाचा प्रवासी पुष्कळदा नुकताच शाळा संपवलेला विद्यार्थी असतो. त्याच दिवशी होक्काइदो रेल्वे कंपनीने एकूण आठ स्थानकं बंद केली आणि ती निरनिराळ्या मार्गांवर होती. आपल्या गोष्टीतल्या सेकिहोकु मार्गावर कामी-शिराताकी, क्यू-शिराताकी, शिमो-शिराताकी आणि कानेहाना अशी चार. आणखी एक गोष्ट निरोपात कधीच नसते. नेमकं त्याच दिवशी, त्याच वेळापत्रकासोबत, होक्काइदोत पहिली शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावली.

मुलांना सांगायचं असेल तर असं सांगा: गाडी तिच्यासाठी काढलेली नव्हती, पण तिची शाळा संपेपर्यंत ती रोज तिच्यासाठी थांबत होती. एवढंही पुरेसं सुंदर आहे. वर पदरचं घालायची गरज नाही.

प्रश्न: कामी, क्यू, शिमो हे काय आहे? एका शिराताकीला इतकी स्थानकं कशी? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आपल्याकडे एका गावाचं बुद्रुक आणि खुर्द होतं, तसंच हे. ‘शिराताकी’ म्हणजे पांढरा धबधबा. ‘कामी’ म्हणजे वरचं, ‘शिमो’ म्हणजे खालचं, आणि हे वर-खाली युबेत्सु नदीच्या प्रवाहावरून ठरलेलं. ‘ओकु’ म्हणजे आतलं, डोंगराच्या पोटातलं. ‘क्यू’ म्हणजे जुनं. घाटाकडून खाली उतरताना ओकु-शिराताकी, कामी-शिराताकी, शिराताकी, क्यू-शिराताकी, शिमो-शिराताकी अशी पाच एकामागून एक यायची. आज त्यातलं फक्त मधलं शिराताकी प्रवाशांसाठी उघडं आहे.

मार्ग दोन्ही टोकांकडून तुकड्यातुकड्याने आला. पश्चिमेकडून रूळ १९२३ मध्ये कामिकावाला पोचले. पूर्वेकडून एंगारूहून ते १९२७ ला मारुसेप्पुपर्यंत आणि १९२९ च्या ऑगस्टमध्ये शिराताकीपर्यंत आले. मधे उरला किटामी घाट. तिथे ४,३२९ मीटरचा सेकिहोकु बोगदा खणला गेला आणि १ ऑक्टोबर १९३२ ला दोन्ही बाजू जुळल्या. कामी-शिराताकी त्याच दिवशी उघडलं. इशिकारी आणि किटामी या दोन जुन्या प्रांतांच्या नावांतलं एकेक अक्षर घेऊन ‘सेकिहोकु’ हे नाव झालं.

मग जंगलात इतकी स्थानकं कशाला? शेतीसाठी वसवलेली कुटुंबं आणि लाकूड, या दोन गोष्टींसाठी. आयकिदो या जपानी युद्धकलेचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा १९१२ मध्ये वाकायामाहून वसाहतवाल्यांची एक तुकडी घेऊन याच शिराताकीला आले होते, म्हणजे रेल्वेच्या सतरा वर्षं आधी. घाटातल्या स्थानकांचं आणखी एक काम होतं, एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना पार करून देण्याचं. त्याबद्दल पुढे येतंच.

लाकूड ओसरलं, कुटुंबं शहरांकडे गेली आणि स्थानकं डोंगराच्या बाजूने एकेक मिटत आली. २००१ च्या जुलैत तेनमाकु, नाकाकोशी आणि ओकु-शिराताकी गेली. २०१६ मध्ये कामी-शिराताकीही गेल्यावर कामिकावा ते शिराताकी या लागोपाठच्या दोन स्थानकांत ३७.३ किलोमीटरचं अंतर पडलं. शिंकान्सेन सोडून जपानच्या जेआर, म्हणजे जुन्या राष्ट्रीय रेल्वेतून निघालेल्या कंपन्यांच्या, मार्गांवर याहून लांब टप्पा नाही. शिराताकी गावाचाही २००५ मध्ये एंगारूत समावेश झाला.

प्रश्न: क्यू-शिराताकी ‘तात्पुरतं’ स्थानक होतं असं वाचलं. तात्पुरतं म्हणजे आपल्या हॉल्टसारखं का? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, मिरज)

उत्तर: दिसायला तसंच, पण कागदावर त्याहून खालचं. आपला हॉल्ट रेल्वेच्या यादीत असतो. त्याला नाव असतं, अंतर असतं, बहुतेक ठिकाणी कमिशनवर तिकिटं विकणारा एजंट असतो. क्यू-शिराताकी ११ फेब्रुवारी १९४७ ला सुरू झालं ते ‘कारि-जोकोजो’ म्हणून, म्हणजे तात्पुरती चढ-उताराची जागा. असे थांबे होक्काइदोत पुष्कळ होते. स्थानिक रेल्वे प्रशासन ते आपल्या अधिकारात उघडायचं. टोकियोची मंजुरी नको, त्यामुळे देशाच्या अधिकृत यादीत नोंद नाही आणि छापील वेळापत्रकात पुष्कळदा नावही नाही.

याचा फटका प्रवाशाला तिकिटात बसायचा. भाड्याचं अंतर फक्त अधिकृत स्थानकांमध्ये मोजलेलं असे. म्हणून अशा थांब्यावर चढणाऱ्याला मागच्या स्थानकापासूनचं भाडं पडायचं आणि तिथे उतरणाऱ्याला पुढच्या स्थानकापर्यंतचं. रोज जा-ये करणाऱ्याला ही चाट दोन्हीकडून.

जपानी राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे १ एप्रिल १९८७ ला झाले आणि होक्काइदोत नवी कंपनी आली. त्याच दिवशी क्यू-शिराताकीला पूर्ण स्थानकाचा दर्जा मिळाला. तात्पुरतं म्हणून चाळीस वर्षं आणि कायमचं म्हणून एकोणतीस. एका बाजूला एकच फलाट, एकच रूळ आणि लाकडी निवारा हे रूप दर्जा वाढल्यावरही तसंच राहिलं.

प्रश्न: शिमो-शिराताकी बंद झालं म्हणता, मग तिथे अजून सिग्नल आणि दोन रूळ कसे? आणि कामी, क्यू यांचं काहीच का ठेवलं नाही? (वाचक, भुसावळ)

उत्तर: भुसावळच्या वाचकाच्या नजरेतून हे सुटणार नाहीच. स्थानक बंद होतं म्हणजे प्रवाशाचं दार बंद होतं. गाड्यांचं काम तिथे चालू राहू शकतं. जपानीत अशा जागेला ‘शिंगोजो’ म्हणतात, म्हणजे सिग्नलची जागा. गाडी तिथे थांबते, पण कुणी चढत-उतरत नाही.

सेकिहोकु मार्ग शिन-असाहिकावा ते आबाशिरी २३४ किलोमीटर आणि एकेरी. समोरून एक्सप्रेस येत असेल तर या बाजूच्या गाडीला कुठेतरी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, उभं राहावंच लागतं. दोन लूपमधलं अंतर जितकं जास्त, तितकी ताटकळ जास्त. एक गाडी पंधरा मिनिटं उशिरा आली की तो उशीर क्रॉसिंगच्या जागेवर समोरच्या गाडीला लागतो आणि ती तो पुढच्या क्रॉसिंगला घेऊन जाते. कामिकावा ते शिराताकीच्या ३७ किलोमीटरांत मधे काहीच नसतं तर मार्गच अडला असता. म्हणून कामिकोशी, नाकाकोशी आणि ओकु-शिराताकी या तीन बंद स्थानकांची क्रॉसिंग तशीच ठेवली. कामिकोशी १९७५ पासूनच फक्त सिग्नलची जागा आहे. ते ६३४ मीटर उंचीवर, होक्काइदो कंपनीच्या मार्गांवरचं सगळ्यात उंच ठिकाण. शिमो-शिराताकी आणि कानेहाना यांचंही २०१६ मध्ये तेच झालं. क्यू-शिराताकीला लूप कधी नव्हताच आणि कामी-शिराताकीला शेवटी एकच रूळ होता. दोन्हींचा गाड्यांना काही उपयोग नव्हता, म्हणून ठेवण्यासारखं काही उरलं नाही.

मग सगळे लूप का ठेवत नाहीत? बर्फामुळे. गाडीच्या पोटाखाली बर्फ घट्ट चिकटून प्रवास करतं. सांध्यावरून, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेवरून, जाताना डबा हादरतो, बर्फाचा गोळा निसटून नेमका सांध्याच्या पात्यात पडतो, पातं रुळाला पूर्ण टेकत नाही. पातं टेकलं नाही तर सांधा बसल्याची खूण सिग्नलला मिळत नाही आणि दिवा लालच राहतो. सांध्याला तापवणारे हीटर लावतात, तरी जोराच्या बर्फात माणूस पाठवून खोऱ्याने साफ करावं लागतं. इथल्या लूपवर माणूस नसतो आणि सगळं दुरून नियंत्रण कक्षातून चालतं. म्हणजे मुक्कामाच्या स्थानकातून कर्मचारी तिथे पोचेपर्यंत दोन्ही बाजूंच्या गाड्या उभ्या. एक लूप कमी झाला की अडकणारे दोन सांधे तरी कमी होतात, हा हिशेब कंपनी दरवर्षी घालत असते.

प्रश्न: तिथला घाट आपल्या भोर घाटाएवढा आहे का? (वाचक, कर्जत)

उत्तर: जवळपास. भोर घाटाचा चढ ३७ ला १, सेकिहोकुचा सर्वात तीव्र चढ ४० ला १. फरक गाडीत आहे. कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. तिथे प्रवासी गाडी म्हणजे ‘किहा-४०’ जातीचा एकच डिझेल डबा होता. डब्याखालीच २२० अश्वशक्तीचं इंजिन आणि पोलादी जड सांगाडा, त्यामुळे चढावर तो फार सावकाश जायचा. नावातलं ‘कि’ म्हणजे डिझेल गाडी आणि ‘हा’ म्हणजे साधा वर्ग. हे डबे १९७७ ते १९८२ या काळात बांधले गेले. होक्काइदोसाठीच्या डब्यांना थंडी अडवायला लहान आणि दुहेरी काचेच्या खिडक्या होत्या.

प्रश्न: याच मार्गावरून कांद्याची खास मालगाडी जाते म्हणे? (कांदा उत्पादक, निफाड)

उत्तर: जाते, आणि तिला सगळे ‘तामानेगी ट्रेन’, म्हणजे कांदा-गाडीच म्हणतात. किटामी हा जपानातला सर्वाधिक कांदा पिकवणारा भाग. काढणी उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होते. तिथला उन्हाळा जुलै-ऑगस्टचा. त्यानंतर वसंतापर्यंत ही गाडी किटामीहून किटा-असाहिकावापर्यंत धावते. कांदा उघड्या वाघिणीत नसतो. पाच टनी, बारा फुटी कंटेनर असतात आणि एका वाघिणीवर असे पाच बसतात.

या गाडीला दोन डिझेल इंजिनं लागतात, एक पुढे आणि एक मागे. चढ हे एक कारण आणि एंगारू हे दुसरं. एंगारूला मार्ग उलटा फिरतो. तिथे आधी किटामीकडचे रूळ दक्षिणेकडून आले, १९२१ मध्ये उत्तरेच्या नायोरोकडची रेल्वे त्यांना जोडली गेली, आणि नंतर शिराताकीकडचे रूळही दक्षिणेकडूनच येऊन मिळाले. नायोरोचा मार्ग १ मे १९८९ ला बंद झाला, आणि एंगारूच्या उत्तरेला रूळच उरले नाहीत. आता प्रत्येक गाडी तिथे शिरते आणि आल्या तोंडानेच बाहेर पडते. इंजिन एकच असतं तर दर वेळी सोडून, वळसा घालून दुसऱ्या टोकाला जोडावं लागलं असतं. दोन्ही टोकांना इंजिन असलं की चालकाने फक्त टोक बदलायचं.

या गाडीचं दुखणं तुम्हाला लगेच कळेल. माल एकाच दिशेने आहे. किटामीकडे जाताना कंटेनर बहुतेक रिकामे, हंगाम संपला की गाडीच नाही. त्यामुळे ती तोट्यात जाते आणि मधूनमधून बंद करण्याची चर्चा होते. पण ती बंद झाली तर तेवढा कांदा घाटातून ट्रकनेच न्यावा लागेल, तोही बर्फात. म्हणून शेतकरी आणि गावं तिला धरून आहेत.

प्रश्न: होक्काइदो रेल्वे कंपनीला तोटा होणार हे माहीत असून ती काढलीच कशी? (वाचक, मुंबई)

उत्तर: तोटा गृहीत धरूनच काढली होती. १९८७ मध्ये होक्काइदोच्या कंपनीला ६८,२२० कोटी येनचा निधी दिला. त्याच्या व्याजातून गाड्यांचा तोटा भरून काढायचा, अशी योजना. व्याज ७.३ टक्के धरलं होतं, म्हणजे वर्षाला साधारण ४,९८० कोटी येन. त्या काळात हा दर अवास्तव नव्हता. पुढे जपानमधले व्याजदर कोसळले आणि उत्पन्न निम्म्याच्या आसपास आलं. निधी शाबूत, पण त्याचं पीक गेलं. शिराताकीची ती स्थानकं कुणाच्या दुष्टपणाने बंद झाली नाहीत. ज्या आकड्यावर सगळी मांडणी उभी होती, तो आकडाच खचला.

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ती आठ स्थानकं बंद होऊन आठ महिने झाल्यावर, कंपनीने जाहीर केलं की १० मार्गांवरचे १३ टप्पे, एकूण सुमारे १,२३७ किलोमीटर, ती एकट्याच्या बळावर चालवू शकत नाही. हे तिच्या जाळ्याच्या निम्म्याच्या आसपास होतं. सेकिहोकुही त्यात होता. तो अजून चालू आहे, पण स्थानकं कमी होत राहिली. २०२१ च्या मार्चमध्ये याच मार्गावरची आणखी चार गेली. काही ठिकाणी गावांनीच देखभालीचा खर्च उचलला आणि स्थानक वाचवलं. आमच्या मते हाच मार्ग खरा आहे, कारण शेवटच्या स्थानकाची किंमत गावालाच कळते.

प्रश्न: सेकिहोकुवरच्या बोगद्यात हाडं सापडली होती, ती गोष्ट खरी की भुताखेतांची? (वाचक, सातारा)

उत्तर: हाडं खरी आहेत. भुतांच्या गोष्टी त्यानंतर आल्या, आणि त्यांनी खरी गोष्ट झाकली. हा बोगदा घाटातला नव्हे. तो एंगारू आणि किटामी यांच्या मधला जोमोन बोगदा आहे, ५०७ मीटर लांब, १९१२ ते १९१४ मध्ये खणलेला. मजूर कर्जात अडकवून, कोंडून ठेवून राबवलेले होते. त्या बराकींना ‘ताकोबेया’ म्हणत. शंभराहून अधिक माणसं इथे मेली असं मानतात. १९६८ च्या भूकंपात भिंतीला इजा झाली. १९७० मध्ये दुरुस्तीसाठी विटा काढल्या तेव्हा त्यामागे मानवी सांगाडे निघाले. कानेहानाजवळच्या टेकडीवर १९८० मध्ये स्मारक उभारलं गेलं. तेच कानेहाना, जे २०१६ मध्ये प्रवाशांसाठी बंद झालं.

प्रश्न: आम्ही दोघं होक्काइदोला जाणार आहोत. ते स्थानक बघता येईल का? निर्मनुष्य स्थानकावर तिकीट कसं काढायचं? (वाचक, ठाणे)

उत्तर: क्यू-शिराताकीला उतरता येणार नाही. शिराताकीला मात्र उतरता येतं. सापोरोहून आबाशिरीला जाणारी ‘ओखोत्स्क’ एक्सप्रेस याच मार्गाने जाते आणि पूर्ण प्रवासाला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. कोणती गाडी शिराताकीला थांबते हे त्या वर्षाच्या वेळापत्रकात पाहूनच ठरवा. ते बहुधा दर मार्चमध्ये बदलतं, आणि जुन्या ब्लॉगवरच्या वेळेवर विसंबून आलेली माणसं संध्याकाळच्या गाडीची वाट बघत तास काढतात. परतीची गाडी आधी ठरवा, मग उतरा.

साध्या गाडीत फक्त चालक असतो, तिकीट तपासनीस नाही. चढायचं मागच्या दाराने. दाराशी यंत्र असतं, त्यातून आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची. तिला ‘सेइरिकेन’ म्हणतात. चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर आकडे आणि त्याखाली येन दिसतात. आपल्या चिठ्ठीच्या आकड्याखाली त्या क्षणी जे भाडं दिसतं ते द्यायचं, आणि गाडी पुढे जाईल तसं ते वाढत जातं. उतरताना पुढच्या दाराने, चालकाजवळच्या पेटीत चिठ्ठी आणि नेमके पैसे टाकायचे.

इथे तीन चुका होतात. पहिली, चिठ्ठी न घेणं. मग कुठे चढलात हे सिद्ध करता येत नाही आणि गाडी निघाल्यापासूनचं भाडं मागितलं जाऊ शकतं. दुसरी, मोठ्या नोटा. पेटीजवळचं यंत्र हजार येनची नोट आणि नाणी मोडून देतं, दहा हजारची नाही. सुटे आधीच करा, उतरताना केलेत तर सगळी गाडी खोळंबते. तिसरी, कार्ड. सापोरोत चालणारं टॅप करायचं कार्ड शिराताकी-एंगारू भागात चालत नाही. एंगारूसारख्या कर्मचारी असलेल्या स्थानकावर चिठ्ठी घेऊन खिडकीशी पैसे दिले तरी चालतं.

एक्सप्रेसने जात असाल तर एंगारूला आसनं फिरवायला विसरू नका. आसनाखालचा पायटा दाबून ती फिरवता येतात. पण मागच्या आसनावरच्यांना विचारून फिरवा. काही जण उरलेला रस्ता पाठमोरे बसणं पसंत करतात.

शिराताकीत काचेसारख्या काळ्या दगडाचा, म्हणजे ऑब्सिडियनचा, मोठा साठा आहे. पाषाणयुगातल्या माणसांनी त्याची पाती आणि टोकं बनवली. इथे उत्खननात मिळालेल्या वस्तूंना २०२३ मध्ये जपानने राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. त्यांचं केंद्र स्थानकापासून चालत जाण्याजोगं आहे. मारुसेप्पुला ‘अमेमिया २१’ हे १९२८ चं जंगल-रेल्वेचं छोटं वाफेचं इंजिन अजून चालतं, पण उबदार महिन्यांत आणि ठरलेल्या दिवशीच. आजूबाजूच्या रानात पायी भटकू नका. उन्हाळ्यात अस्वलांचा धोका असतो, आणि हरणं रुळांवर येतात. गाडी मधेच शिट्टी वाजवून करकचून थांबली तर बहुधा तेच कारण असतं.

शिराताकीहून एंगारूकडे निघालात की साडेसहा किलोमीटरवर क्यू-शिराताकीची जागा येते. गाडी ती वेगात ओलांडते, म्हणून घड्याळ लावून खिडकीशी बसा. साधारण सहा-सात मिनिटं. त्यानंतर तीन-चार किलोमीटरवर शिमो-शिराताकी. तिथे समोरून गाडी यायची असेल तर तुमची गाडी लूपमध्ये जाऊन उभी राहील. दारं उघडणार नाहीत.